दुधाचे दात पडणारच असतात, मग किडले तर खर्च कशाला?

एका आईने विचारलंय. लेक साडेचार वर्षांची आहे. वरचे समोरचे चार दात काळपट होऊन झिजलेत आणि खाली उजवीकडच्या दोन दाढांना खड्डे पडलेत. गेल्या महिन्यात दोनदा ती रात्री रडत उठली. दातांच्या डॉक्टरांनी दोन्ही दाढांचं रूट कॅनाल करून वर स्टीलच्या टोप्या बसवायला सांगितलंय, खर्च काही हजारांचा आहे. सासूबाई म्हणतात, "दुधाचेच तर दात आहेत, पडून नवे येतील. आमच्या पोरांचं कुणी काय केलं होतं?" नवऱ्याचंही तेच मत. घरात वर्षाचा धाकटा आहे, त्याला खाली नुकतेच दोन दात आलेत. डॉक्टर फसवतायत का आणि माझंच काही चुकलं का, असे तिचे दोन प्रश्न आहेत.

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे, साताऱ्यात २१ वर्षं प्रॅक्टिस करते. हे दोन्ही प्रश्न जवळजवळ रोज ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. दुधाचे दात पडतात, पण कधी पडतात हे त्या वाक्यात येत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो. दुधाचे दात एकूण वीस. वर दहा, खाली दहा. त्यातले समोरचे आठ, म्हणजे पटाशीचे दात, सहाव्या ते आठव्या वर्षात पडतात. ते पडताना सगळं घर बघतं. पोर दात हलवत फिरतं, बोळकं हसतं, दात उंदराच्या बिळाशी ठेवतात नाहीतर छपरावर फेकतात. त्यामुळे "सहा-सात वर्षांचं झालं की दुधाचे दात पडतात" एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. दाढांचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं. दुधाची पहिली दाढ साधारण नऊ ते अकरा वर्षांपर्यंत टिकते, दुसरी दहा ते बारापर्यंत. तुमच्या लेकीला आज साडेचार पूर्ण आहेत. म्हणजे ज्या दाढा "पडणारच" म्हणून सोडून द्यायच्या, त्यांच्यावर तिला अजून पाच-सहा वर्षं भाकरी चावायची आहे. पहिलीपासून पाचवी-सहावीपर्यंतची सगळी शाळा त्या दाढांवर काढायची आहे.

दुधाच्या दातावरचं कठीण आवरण पक्क्या दाताच्या निम्म्याइतकंच जाड असतं. आतली नस त्या मानाने मोठी आणि वरच्या थराच्या जवळ. म्हणून मोठ्या माणसाच्या दाढेत जी कीड दोन-तीन वर्षं रेंगाळते, ती मुलांत काही महिन्यांत नसेपर्यंत पोचते. "दिवाळीत बारीक ठिपका होता हो, आता होळीला एवढं मोठं भोक?" असं आया विचारतात, तेव्हा त्यांनी दुर्लक्ष केलं असं मी धरून चालत नाही. लहान मुलांत ते खरोखर तितक्याच वेगाने होतं.

रात्री रडत उठणं ही खूण महत्त्वाची आहे. गोड किंवा गार खाताना दुखतं आणि खाणं थांबवलं की थांबतं, तेव्हा बऱ्याचदा नस वाचलेली असते, कीड काढून सिमेंट भरलं तरी भागतं. काही खाल्लेलं नसताना, झोपेत आपोआप ठणका लागतो तेव्हा कीड बहुधा नसेत गेलेली असते. नुसतं सिमेंट भरलं तर आत पू कोंडेल. म्हणून मुळांची सफाई आणि वर टोपी. रूट कॅनाल केलेली दुधाची दाढ ठिसूळ असते, भाकरीच्या कडेनेही तुकडा उडतो, आणि ती टोपी दाढेबरोबरच अकराव्या-बाराव्या वर्षी आपोआप पडून जाते. तुम्ही लिहिलंय त्यावरून डॉक्टरांनी सांगितलेला उपचार मला योग्य वाटतो. फसवणुकीची शंका असेल तर त्यांना तीन गोष्टी विचारा. एक्सरे दाखवा, कीड कुठवर गेलीय ते बोट ठेवून सांगा. ही दाढ पडायला अजून किती वर्षं आहेत? आणि उपचार केला नाही तर दुसरा पर्याय काय? प्रामाणिक डॉक्टर पाच मिनिटांत तिन्हींची उत्तरं देतो आणि त्याला राग येत नाही.

न केल्यास काय होतं? हिरडीवर पुळी येते, फुटते, दुखणं थांबतं. घरचे म्हणतात, "बघ, आपोआप बरं झालं." दुखणं थांबलं कारण नस मेली. पू मात्र हाडात वाट काढत असतो आणि त्या दाढेच्या मुळांच्या बरोबर मधे खालची पक्की दाढ तयार होत असते. कधीकधी ती पिवळे-तपकिरी डाग आणि खड्डे घेऊनच उगवते. दुधाची दुसरी दाढ वेळेआधी काढावी लागली तर तिच्या मागची पक्की दाढ त्या जागेत पुढे सरकते. खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही, तो वाकडा येतो किंवा आतच अडकतो. मग चौदाव्या वर्षी तारा. आज वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च तिथे होतो, हे मी नवऱ्यांना मुद्दाम सांगते. पैशांचा निर्णय बऱ्याच घरांत अजून त्यांच्याकडे असतो आणि बोलणी मात्र आईला बसतात. शक्य असेल तर पुढच्या वेळी त्यांनाही बरोबर न्या. एक्सरे स्वतः पाहिलेला बाप सहसा वाद घालत नाही.

यापेक्षाही जास्त नुकसान मी एका वेगळ्या गैरसमजामुळे होताना पाहिलंय. सहाव्या वर्षाच्या आसपास तोंडात पहिली पक्की दाढ येते. ती कुठलाही दात पाडून येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, मोकळ्या हिरडीतून, गुपचूप उगवते. दात पडला नाही म्हणजे नवा आला नाही, असा साधा हिशेब असल्याने ती कुणाच्या लक्षात येत नाही. आठ-नऊ वर्षांचा मुलगा दाढेला मोठं भोक घेऊन येतो आणि आई म्हणते, "दुधाची आहे ना? काढून टाका." मला सांगावं लागतं की ही सत्तराव्या वर्षापर्यंत पुरायची दाढ होती. त्या क्षणी आईचा चेहरा बघवत नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लसीकरणाच्या कार्डावर गोवर, धनुर्वात सगळं असतं, सहाव्या वर्षाच्या दाढेची ओळ नसते. तुमच्या लेकीला दीड वर्षाने त्या दाढा येतील. मधल्या बोटाने गालाच्या आत अगदी शेवटपर्यंत चाचपत राहा. दाढा पूर्ण वर आल्या की त्यांच्या खाचा बंद करणारा पातळ थर डॉक्टर लावून देतात. त्याला सुई लागत नाही, कोरावं लागत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वरचे समोरचे चार दात किडलेत आणि खालचे समोरचे चांगले आहेत, हा नमुना बघितला की मी आधी रात्रीच्या दुधाबद्दल विचारते. बाळ बाटली तोंडात घेऊन झोपतं. दूध, त्यात बहुतेक वेळा साखर, वरच्या दातांभोवती साचून राहतं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे ते धुतलं जात नाही. खालचे दात जिभेखाली झाकले जातात, म्हणून वाचतात. तुमच्याकडे बाटली होती की नाही हे मला माहीत नाही. असेल, तर तशी असलेल्या तुम्ही एकट्या नाही. पोर रडू नये, पोटभर प्यावं, एवढंच त्यामागे असतं. स्तनपानाबद्दल मी कुणाला घाबरवत नाही, अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही पाजावं. दात आल्यावर रात्री पाजून झालं की ओल्या स्वच्छ फडक्याने दात पुसून घ्यावेत, इतकंच माझं मागणं. बाटली मात्र पहिल्या वाढदिवसानंतर हळूहळू बंद करून पेल्यावर आणावी आणि बाटलीत साखर, मध, सरबत कधीही घालू नये. मध तर पहिलं वर्ष कुठल्याही रूपात नको, बाळगुटी उगाळतानाही नको. त्याने क्वचित का होईना, जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

"आम्ही चॉकलेट देतच नाही" हेही मी खूप ऐकते आणि ते खरं असतं. पण सकाळी चहा-बिस्कीट, शाळेत क्रीमचं बिस्कीट, संध्याकाळी आजोबांकडून गोळी, झोपताना साखरेचं दूध. एकेका वेळचं गोड थोडंच असतं, तरी प्रत्येक वेळी दातावरचे जंतू त्यातून आम्ल तयार करतात आणि ते साधारण अर्धा तास दात पोखरतं. सणाला एका बसणीत तीन मोदक खाल्ले त्यापेक्षा दिवसभरात पाच वेळा एकेक बिस्कीट खाल्लं हे दातांना जास्त वाईट. गूळ काय आणि साखर काय, दातांच्या दृष्टीने फरक नाही. बिस्कीट चिकटून बसतं म्हणून ते मला पेढ्याइतकंच नको वाटतं. मधल्या वेळी शेंगदाणे (चार वर्षांखालच्यांना कुटून, नाहीतर घशात अडकतात), काकडी, फुटाणे, भाकरीचा तुकडा, केळं द्या. आणि पोराचं खोकल्याचं औषधही गोडच असतं, ते पाजल्यावर दोन घोट पाणी द्या.

"कीड" या शब्दानेही आपलं थोडं नुकसान केलंय असं मला वाटतं. आया मला विचारतात, "किडा मेला का?" गावोगाव दाढेतला किडा काढून देणारे असतात. बियांची धुरी देतात आणि पाण्यात तरंगणारा पांढरा किडा दाखवतात. दातात डोळ्यांना दिसणारा किडा नसतोच. जंतू असतात, साखर खातात, आम्ल सोडतात, दात विरघळतो. ते जंतू बाळाच्या तोंडात बहुधा घरातूनच येतात. आपण चाखलेला चमचा त्याच्या तोंडात घातला, घास चावून भरवला, की पोचले. म्हणून आईच्या स्वतःच्या किडलेल्या दाढेचा उपचार हा बाळाच्या दातांचाही उपचार असतो. "बाळंतपणात बाळाने कॅल्शियम ओढलं, म्हणून माझे दात गेले" असं समजून कितीजणी गप्प बसतात! बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम घेत नाही.

दात येताना जुलाब, ताप, उलट्या "होतातच" हा समज मात्र धोक्याचा आहे. हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ किरकिरतं, क्वचित अंग कोमट लागतं. तेवढंच. सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती उतरत असते, बाळ रांगून जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू होतं. जुलाब त्यामुळे होतात. योगायोगाने दातही त्याच महिन्यांत येतात. दात येतायत म्हणून पातळ जुलाबांकडे तीन दिवस दुर्लक्ष झालेली, डोळे खोल गेलेली बाळं मी बालरोगतज्ज्ञांकडे पळवलीयत. जुलाबाला मीठ-साखरेचं द्रावण आणि डॉक्टर, दात असोत वा नसोत. वरचे दात आधी आले तर मामाला जड, ही काळजीही सोडून द्या. क्रम बदलणं अगदी साधं आहे, मामाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

वरची दाढ काढली की डोळ्यांवर परिणाम होतो, या भीतीपायी पू झालेली दाढ तशीच ठेवणारी घरं मी पाहिलीयत. दाढेची नस आणि डोळ्याची नस वेगवेगळ्या. दाढ काढल्याने नजर जात नाही. उलट वरच्या दाढेतला पू तसाच राहिला तर डोळ्याखालपर्यंत सूज चढते, आणि ती वाट बघण्याची गोष्ट नसते. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडत नाही किंवा गिळता येत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोवर दुखऱ्या जागी गोळी ठेवू नका, लवंगेच्या तेलाचा बोळाही कोंबू नका. लहान मुलांची हिरडी त्याने भाजते.

दात घासण्याबद्दल थोडक्यात. पहिला दात दिसला की घासणं सुरू. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे मटाराच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती विसरा. पेस्टमध्ये फ्लोराइड असावं, खोक्यावर १००० पीपीएमच्या आसपास आकडा शोधा. लहान मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टींत ते नसतं किंवा फार कमी असतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. तिथल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचं घासणं आईने किंवा बापाने करायचं. बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येत नाही त्या हाताला दाढेची मागची बाजू घासता येत नाही. आणि मशेरी कधीही नको. काही घरांत आजी आपल्याबरोबर नातवंडांच्या दातांनाही मशेरी लावते, "दात मजबूत होतात" म्हणून. ती भाजलेली तंबाखू आहे. चार वर्षांच्या पोराला तंबाखूची सवय लागताना मी पाहिलीय आणि या एका बाबतीत मी आजींशी भांडते.

तुमच्या सासूबाई "आमच्या पोरांचं कुणी केलं" म्हणतात, त्याचंही उत्तर द्यायला हवं. त्यांच्या वेळी घरात बिस्किटाचा पुडा रोज फुटत नव्हता. आता परिस्थिती वेगळी आहे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. सासूबाईंना मूर्ख ठरवून काही साधणार नाही. त्यांना बरोबर घेऊन या, लेकीला मांडीवर झोपवून ओठ उचलून दाखवा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक आज्या ती भोकं डोळ्यांनी पाहिल्यावर माझ्याच बाजूने बोलायला लागल्या.

खर्च झेपत नसेल तर क्रम लावा. मागची, म्हणजे दुधाची दुसरी दाढ आधी वाचवा, ती सगळ्यांत जास्त वर्षं टिकायची आहे आणि जागा तीच राखते. पुढच्या दाढेचं नंतर. समोरच्या चार दातांत पू नसेल तर त्यांना तीनेक वर्षं निभावून नेता येतं. कीड थांबवणारं चांदीचं द्रावण लावतात, ते स्वस्त आहे, दुखत नाही, पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. ते आधी समजून घ्या, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. दाढ वाचण्यापलीकडे असेल तर पू ठेवण्यापेक्षा ती काढलेली बरी. पण काढली की जागा राखणारी तारेची कडी लावून घ्या, तिच्याशिवाय घरी येऊ नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत लहान मुलांचा वेगळा विभाग आहे आणि खर्च खूप कमी येतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य तपासणीचं पथक येतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच पालघरहून झाली. त्या तपासणीत दातही येतात. पथक आलं की "हिचे दात बघा" असं स्वतःहून म्हणा आणि पुढे पाठवायची चिठ्ठी मागून घ्या.

लेकीला नेताना एक करा. "अजिबात दुखणार नाही" असं सांगू नका आणि "नीट जेवली नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" असं तर कधीच नको. थांबायच्या खोलीत हे वाक्य ऐकलं की माझं अर्धं काम बिघडतं. "डॉक्टर दात मोजणार, मग धुणार, मी बाजूला बसणार" एवढं पुरे. सकाळची वेळ घ्या, पोट भरलेलं असू द्या. पहिल्या दिवशी ती रडली तरी हरकत नाही, मुलं रडतच असतात. तुम्ही मात्र रागावू नका आणि लाच म्हणून चॉकलेट कबूल करू नका.

आणि त्या दिवशी धाकट्यालाही बरोबर न्या. डॉक्टरांच्या गुडघ्याला गुडघे लावून समोर बसा, बाळाचे पाय तुमच्या कमरेशी आणि डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. दोन मिनिटांत बघून होतं. घरीही महिन्यातून एकदा त्याला उजेडात मांडीवर घ्या आणि वरचा ओठ उचला. वरचे दात आले की हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसतेय का ते पाहा. ती कीड अजून भोक न पडलेली असते. त्या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप, रात्रीची बाटली बंद आणि दोन वेळा तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट यांवर ती बहुतेकदा तिथेच थांबते.